मिलच्या काळातल्या दगडी घराची ओल : सिमेंट काढून चुन्याची दुरुस्ती कशी करावी

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गावात नव्या धाटणीची घरं आली. जोत्याला काळा पाषाण, वर विटा, सगळं बांधकाम चुन्यात. दारांवर रंगीत काचांचे अर्धगोल, सज्जाला सागवानी कातरकामाची झालर, जिन्याला बिडाचे कठडे, पायाखाली शहाबादी फरशी. मुंबईत त्या वेळी जी व्हिक्टोरियन पद्धत चालू होती ती इथल्या उन्हाला मानवेल अशी बदलून घेतलेली. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन हा तिचा थाटाचा नमुना. पण साध्या पेठांमधूनही त्याच हातांनी बांधलेली शेकडो लहान घरं होती आणि त्यातली बरीच अजून राहती आहेत.

या घरांची सगळ्यात जास्त नासधूस ओलीने होत नाही, ओलीवर केलेल्या सिमेंटच्या उपायाने होते. भिंत कमरेपर्यंत फुगली की गवंडी जुना गिलावा तोडतो, वॉटरप्रूफ पावडर घातलेलं सिमेंट मारतो, वर ऑइल पेंटचा पट्टा. वर्षभर छान दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल छातीपर्यंत चढलेली असते. कारण साधं आहे. पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही. जमिनीतलं पाणी दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांत भरलेल्या चुन्यातून वर चढतं आणि चुन्यातूनच बाहेर उडून जातं. बाहेर पडायची वाट सिमेंटने बुजवली की पाणी वाट शोधत आणखी वर जातं. जाताना क्षार घेऊन जातं. जिथे पाणी सुकतं तिथे क्षारांचे खडे धरतात, फुगतात आणि चुना असो की वीट, आतून फोडून पीठ करतात. हाच लोणा. सिमेंटच्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या विटा भुसभुशीत झालेल्या दिसतात त्या यामुळे.

आधी ओल कुठून येते ते ठरवा

पाहणीला उत्तम वेळ सप्टेंबरअखेर. आपल्याकडचा जोराचा पाऊस तेव्हाच पडतो आणि घर सगळं खरं सांगतं. जमिनीतून चढलेली ओल भिंतीवर आडवी रेघ काढते, साधारण दोन ते चार फुटांवर, आणि रेघेवर पांढरी लव दिसते. छताची गळती वरून खाली येते, तिचे डाग तपकिरी असतात आणि बहुतेक पन्हाळीजवळ किंवा तुळईच्या टोकाशी असतात. बाराही महिने एकाच जागी गोल ओल असेल तर ती नळाची किंवा मागाहून काढलेल्या न्हाणीघराची. हे न ठरवता गिलावा तोडू नका.

भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत चला. भरीव जागी आवाज बंद येतो, सुटलेल्या गिलाव्यावर पोकळ, बद्द येतो. पोकळ भागाला खडूने वेढा काढून घ्या. मग एका कोपऱ्यात किल्लीने खरवडून पाहा. चुना असेल तर किल्ली रुतते, रंग पांढरट-पिवळसर निघतो आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे शुभ्र ठिपके दिसतात. विझवताना न विरघळलेल्या चुन्याचे ते कण. सिमेंटवर किल्ली घसरते आणि राखाडी ओरखडा उठतो. एकाच भिंतीत दोन्ही सापडणं नेहमीचं आहे, म्हणून दर तीन-चार फुटांवर पाहा.

भेगा असतील तर त्या वेगळ्या तपासायच्या. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग इथे जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात असते. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. मेअखेर आणि सप्टेंबरअखेर पाहा. वर्षभरात पट्टी तुटली नाही तर भेग थांबलेली आहे, ती चुन्याने भरता येईल. तुटली तर इमारत दुरुस्तीची जाण असलेला अभियंता बोलवा, गवंडी नव्हे.

घर भुईकोट किल्ल्याच्या जवळ असेल तर एक गोष्ट आधी करा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांतही परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. बाकी घरांसाठी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घेतलेलं बरं.

पाणी तोडा

चुन्याला हात लावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त. पन्हाळी साफ करा आणि त्यांचं टोक भिंतीपासून किमान दीड फूट बाहेर येऊ द्या. नाहीतर पाणी जोत्यावरच पडतं आणि तिथून उडून दोन फूट वर भिंत भिजवतं. बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भराव पडून वर आलेली असते. ती घरातल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली नेऊन घ्या आणि भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, चाळीस फुटांत एक फूट या हिशेबाने. भिंतीला लागून काँक्रीट ओतू नका. तिथे मुरूम दाबून त्यावर शहाबादी बसवा, सांधे चुना-वाळूने भरा, म्हणजे जमिनीची वाफ भिंतीऐवजी सांध्यांतून निघते. भिंतीला टेकून केलेलं आळं, तुळशीचं असो की जास्वंदीचं, चार फूट लांब न्या.

दर्जांत पिंपळ उगवला असेल तर ओढू नका, दगड निघून येतो. बुंध्याशी कापा, कापलेल्या जागी ताबडतोब मूळ मारणारं औषध लावा आणि मूळ वाळल्यावरच दर्ज उकरा.

मागच्या बाजूच्या खोल्यांवर बहुधा माळवद असतं: तुळया, त्यावर कड्या, फळ्या, पाला आणि वर पांढरी माती. ते गळतं म्हणून वर चार इंचांचा स्लॅब ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहा. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस फुटाला बावीस किलोंच्या आसपास भरतं. दहा बाय दहाच्या खोलीवर ते सव्वादोन टन होतं, आणि हे सगळं सव्वाशे वर्षांच्या तुळयांवर. शिवाय तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कोंडून कुजतात. माळवदाला उलट हलकं करावं लागतं. दरवर्षी चढवलेली माती फुटाच्या वर साठली असेल तर आधी ती उतरवा, तुळयांची टोकं टोचणीने टोचून पाहा, मगच नवा थर द्या आणि उतार पन्हाळीकडे काढा. सवणं (माळवदातले झरोके) बुजवू नका, खोलीतली दमट हवा त्यातूनच वर जाते.

सिमेंट काढणं आणि भिंत वाळवणं

छिन्नी आणि किलोभराची हातोडी पुरे. ब्रेकर नको आणि ग्राइंडर तर नकोच, कारण पात्याने दगडाच्या घडीव कडा कायमच्या कापल्या जातात. दर्जेच्या मधोमध सुरुवात करून कडांकडे या. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान एक इंच. सिमेंट दगडाला इतकं धरून बसलं असेल की कडच निघेल, तर ते तेवढं राहू द्या. थोड्या जागी सिमेंट राहिलं तरी बाकीच्या दर्जा श्वास घेतात. आतला गिलावा मात्र ओलीच्या रेघेच्या दीड-दोन फूट वरपर्यंत काढा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि झाडलेली भुकटी सुपलीत भरून घराबाहेर टाका. धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. फार लोणा असेल तर मुलतानी माती आणि बारीक वाळू सम प्रमाणात घेऊन गोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, अर्ध्या-पाऊण इंचाचा लेप द्या. पूर्ण वाळून तडकला की तो क्षार ओढून घेतलेला असतो. सोलून टाका. दोन-तीन वेळा करावं लागतं.

आता वाळवणं. इथे बहुतेक लोक घाई करतात. भिंतीच्या एक इंच जाडीला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब आहे; आपल्या भिंती अठरा ते चोवीस इंचांच्या. म्हणून काम दोन हिवाळ्यांत वाटून घ्या. पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या दर्जा उकरून चुन्याने भरा, म्हणजे जूनपर्यंत त्या पावसाला तयार होतात. आतला गिलावा काढून भिंत तशीच उघडी सोडा. एप्रिल-मेचं बेचाळीस अंशांचं ऊन आणि कोरडा वारा हे सोलापुरातलं फुकटचं वाळवणी यंत्र आहे. खिडक्या उघड्या ठेवून त्याला काम करू द्या. आतला गिलावा पुढच्या हिवाळ्यात. त्याच उन्हात गिलावा मात्र कधीच करू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात शोषून दगड बनतो. दोन दिवसांत सुकला तर तो नुसता सुकतो, धरत नाही. हात फिरवला की पांढरं पीठ निघतं.

चुना

चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, ताजी घ्या. खडा वजनाला हलका, एकमेकांवर आपटला तर खणखणीत. पोत्यात पावडर जास्त झाली असेल तर तो हवेनेच विझला आहे, परत द्या.

दहा फूट लांब, चार फूट उंच भिंतीचा हिशेब असा. पाऊण इंच जाडीचा गिलावा, दगडाच्या खाचा धरून, सुमारे १०० लिटर माल. त्याला ३३ लिटर चुन्याचा लगदा, तेवढीच सुरखी (विटांची पूड) आणि ६६ लिटर वाळू. लगद्यासाठी २० किलो चुनकळी पुरते.

लोखंडी पिंपात ६० ते ७० लिटर पाणी घ्या. प्लास्टिकचं पिंप उष्णतेने वितळतं. चुनकळी पाण्यात टाकायची. चुनकळीवर पाणी कधी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. एका वेळी दोन-तीन किलो टाका आणि लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा. मिनिटा-दोन मिनिटांत खडे फुटू लागतात, पाणी उकळतं आणि वाफेचा ढग उठतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं लांब. डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि सरळ दवाखाना गाठा. थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळा. न विझलेला खडा गिलाव्यात गेला तर महिन्यांनी फुगतो आणि नाण्याएवढा टवका उडवतो. गाळलेला लगदा झाकून ठेवा, वर नेहमी दोन इंच पाणी. दर्जांसाठी पंधरा दिवस, गिलाव्यासाठी निदान महिना मुरू द्या. मुरलेला लगदा थापीवर लोण्यासारखा बसतो, थापी उभी केली तरी लगेच घसरत नाही.

पाणी कुठलं वापरता याला फार महत्त्व आहे. सोलापुरात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांचं. ते चुन्यात गेलं म्हणजे आपल्याच हाताने लोणा भरला. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून कामाआधी टाकी भरून ठेवा.

वाळू टोकदार कणांची हवी. नदीची असो वा क्रश सँड, काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू घालून पाण्याने भरा, हलवा, रात्रभर ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर वाळू धुवा. सुरखी कमी भाजलेल्या विटांची दळलेली घ्या. करपलेल्या, काळ्या पडलेल्या विटांची सुरखी चुन्याशी संयोग पावत नाही, ती नुसती लाल वाळू ठरते.

जोत्यापासून कमरेपर्यंत एक भाग लगदा, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखीमुळे हा माल ओलीतही धरतो. वरच्या कोरड्या भागातल्या दर्जांना एकास अडीच ते तीन वाळू पुरे, सुरखी नको. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाण्यात दळलं जाई. आता मिक्सरमध्ये पंधरा-वीस मिनिटं फिरवा आणि मग घमेल्यात काढून लाकडी दांड्याने कुटा. पाणी घालायचा मोह होतो. घालू नका, कुटल्यावर माल आपोआप मऊ होतो. जास्त पाणी म्हणजे पुढे जाळीदार तडे.

गवंडी हमखास म्हणेल, "चार घमेल्यांना एक घमेलं सिमेंट टाकू, लवकर धरेल." ठामपणे नाही म्हणा. थोडं सिमेंट चुन्यात नीट एकजीव राहत नाही. ते मालातल्या पोकळ्यांत जाऊन बसतं, चुना हवा घेऊ शकत नाही आणि दोघांपैकी एकही पुरा धरत नाही.

दर्जा आणि गिलावा

आदल्या संध्याकाळी भिंत शिंपडून भिजवा, सकाळी पुन्हा एकदा. हात लावला तर थंड लागावी, पाणी ओघळू नये. दर्ज आतून बाहेर भरा. खोल असेल तर दोन खेपांत, मध्ये दोन दिवस. रुंद दर्जांत माल तसाच कोंबू नका, दगडाच्या चिपा चेपत जा. पृष्ठभाग दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवा. दगडावर पसरवून ठळक पट्टी काढायची पद्धत सिमेंटची आहे. तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. पाच-सहा तासांनी, अंगठा रुतत नाही पण ठसा उमटतो अशा वेळी, ताठ ब्रशने थोपटून पृष्ठभाग खरबरीत करा, म्हणजे हवा आत जाते.

गिलाव्याचा पहिला थर अर्ध्या इंचाचा, त्यात इंचभर लांबीचे तागाचे धागे सुटे करून मिसळलेले. थर ओला असतानाच खिळ्याने तिरक्या रेघा ओढा. आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग पाव इंचाहून किंचित जाड दुसरा थर, रंध्याने (गिलावा घासायच्या लाकडी पाटीने) घासून. दुसऱ्या दिवशी केसासारखे तडे दिसले तर घाबरू नका. पाणी शिंपडा आणि रंधा जोराने गोल फिरवून ते दाबून टाका. हे दोन-तीन दिवस करावं लागतं आणि याच दाबण्यात गिलाव्याची ताकद आहे. शेवटचा नीरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत लेप, दोन-तीन मिलिमीटरांचा, जास्त नाही. गिलावा फरशीला टेकवू नका, खाली बोटभर फट सोडा, नाहीतर पुसायच्या पाण्याची ओल चढते.

निदान चौदा दिवस ओल टिकवायची. गोणपाट चालतं, पण आपल्याकडे घरोघरी फाटक्या सोलापुरी चादरी असतात. त्यांचं जाड सूत पाणी जास्त वेळ धरतं. भिंतीपासून चार बोटं अंतरावर दोरीला टांगा आणि दिवसातून तीनदा भिजवा. भिंतीला चिकटवल्या तर हवा अडते आणि रंगही उतरतो.

वर लावायचं ते फक्त चुन्याचं. लगदा दुधाइतका पातळ करून कापडातून गाळा, भिंत भिजवून रोज एक असे तीन ते पाच हात द्या. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, पांढरेपणा दुसऱ्या दिवशी येतो. त्यामुळे जाड लावायची गरज नसते, जाड हात पापुद्रे धरतो. रंग हवा असेल तर पिवडी, गेरू, हिरमिजी. मातीचे हे रंग चुन्यात टिकतात. प्रमाण चुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, त्यापुढे रंग कपड्यांना लागतो. सफेदी टिकावी म्हणून मीठ घालायची सवय आहे. ओलीच्या भिंतीत ते अजिबात नको. इमल्शन, डिस्टेंपर, वॉलपुट्टी यांपैकी एकही चढवलं तर वर्षभराची मेहनत परत कोंडली जाते.

गच्चीचा चुन्याचा कोबा (ठोकून घट्ट केलेला थर) फुटला असेल तर भेगा उकरून तोच सुरखीचा माल भरा. कालवायला गूळ-बेलफळाचं पाणी: १०० लिटर पाण्याला साधारण तीन किलो गूळ आणि दीड किलो बेलफळ, उकळून, गाळून. गूळ याहून वाढवला तर चुना धरायलाच उशीर करतो. भरल्यावर लाकडी थापीने माल दबायचा थांबेपर्यंत ठोका.

लाकूड, काच, लोखंड

भिंत सुधारली की लाकडाचं अर्धं दुखणं आपोआप कमी होतं. चौकटीचे खालचे सहा इंच कुजलेले असतील तर अख्खी चौकट बदलू नका. कुजका भाग तिरका कापून जुन्या सागवानाचा तुकडा तशाच तिरक्या जोडाने आणि लाकडी खुंट्यांनी बसवा. खाली दगडाचा तुकडा द्या, सिमेंट लावू नका. जुने रंगाचे थर कोरडे घासू नका; त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी असते, ओलं घासा आणि लगदा गोळा करून टाका. त्यावर कोमट केलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन दिवस. तेल लावलेली चिंधी गोळा करून ठेवू नका, ती स्वतःहून पेट घेते, पसरून वाळवा.

रंगीत काचांभोवतीची लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, दगडासारखी झालेली असते. ठोकू नका. जवसाचं तेल लावून दोन दिवस मऊ होऊ द्या, मग बोथट पटाशीने काढा. नवी लांबी खडूची पावडर आणि जवसाच्या तेलाचीच.

बिडाचे खांब आणि कठडे साध्या वेल्डिंगने जोडायला गेलं की जोडाशेजारी तडकतात. तुटलेला भाग पट्टी आणि बोल्टने धरा. गर्डर-कमानीच्या छतात दोन गर्डरांना बांधणारी आडवी सळई दिसते, ती पंख्याच्या आड येते म्हणून कापली जाते. तीच कमानीचा रेटा धरून असते, तिला हात लावू नका. गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर द्या.

उरलेला चुन्याचा लगदा टाकू नका. झाकणाच्या पिंपात, वर पाणी ठेवून, सावलीत ठेवा. वर्षानुवर्षं टिकतो आणि मुरेल तसा चांगला होतो. दर सप्टेंबरअखेर पाहणीत चार-दोन दर्जा सुटलेल्या सापडतीलच, त्या त्याच पिंपातल्या चुन्याने भरा.